फर्मवेअर अपडेटनंतर एपी रात्रभर कुणाशी बोलतोय? शोधायचा क्रम

अभ्यासिका रात्री अकराला बंद झाली, मुलं रूमवर गेली, तरी दोन वाजता स्विचवर अ‍ॅक्सेस पॉइंटच्या पोर्टचा दिवा सारखा फडफडतोय. (अॅक्सेस पॉइंट, म्हणजेच एपी, हे वाय-फाय देणारं यंत्र; स्विच म्हणजे केबली एकत्र जोडायचा डबा.) मोंढ्यातल्या आडतीत सिमवर चालणारा राउटर आहे, रोजचा दीड जीबी मिळतो, आणि सौदे सुरू व्हायच्या आधीच निम्मा डेटा संपल्याचा मेसेज येतो. राउटरच्या यादीत सगळ्यात जास्त डेटा खाणारं यंत्र म्हणून कुणाचा मोबाइल नाही, खुद्द एपीचंच नाव आहे. डीएनएसच्या, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेच्या, नोंदीत एकच नाव पानंच्या पानं भरलंय. केबल लावलेल्या लॅपटॉपवर स्पीड पूर्ण येतो, वाय-फायवर मात्र रिकाम्या हॉलमध्येही पान उघडायला वेळ लागतो.

यातलं काहीही एपीचं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट झालेल्या दिवसापासून सुरू झालं असेल तर पुढचं तुमच्यासाठी आहे. त्याच्या आधीपासूनच असेल तर आधी सीसीटीव्हीचं क्लाउड रेकॉर्डिंग आणि मोबाइलचे फोटो बॅकअप बघा. अपडेट कधी झालं तेच माहीत नसेल तर एपीच्या सिस्टिम पानावर फर्मवेअरचा नंबर आणि लॉगमध्ये शेवटचं रीस्टार्ट सापडेल. ऑटो अपडेट चालू असेल तर ते बहुधा पहाटे, कुणाला न सांगता उरकलेलं असतं.

पहिली शंका येते ती हॅक झाल्याची. ती अगदीच चूक नाही, त्याचं पुढे येईलच. पण बहुतेक वेळा गोष्ट साधी असते: एपी काहीतरी मागतोय आणि त्याला उत्तर मिळत नाहीये. कधी वेळ विचारतोय, कधी कंट्रोलर (सगळे एपी एका जागेवरून चालवणारं सॉफ्टवेअर) शोधतोय, कधी कंपनीचा सर्व्हर गाठायला बघतोय. उत्तर आलं नाही की तो पुन्हा विचारतो. म्हणूनच दिसेल ते ब्लॉक करत सुटलात तर ट्रॅफिक कमी व्हायच्या ऐवजी वाढतं. अशी छोटी यंत्रं किती हट्टी असतात त्याचं गाजलेलं उदाहरण २००३ चं आहे. नेटगियरच्या काही राउटरांच्या फर्मवेअरमध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाच्या टाइम सर्व्हरचा पत्ता थेट लिहिलेला होता, आणि उत्तर मिळालं नाही की ते दर सेकंदाला पुन्हा विचारायचे. विद्यापीठावर सेकंदाला अडीच लाखांच्या घरात पॅकेट येऊन आदळत होती.

आधी मोजा, मग हात लावा

अपडेटनंतरचे पहिले २४ तास हिशोबात धरू नका. फर्मवेअरची फाइलच दहा-वीस एमबीची असते, शिवाय सगळे मोबाइल नव्याने जोडले जातात. दुसऱ्या रात्री, कुणी नसताना, एपीवरची सगळी वाय-फाय नावं तात्पुरती बंद करा, पण एपी चालू ठेवा. राउटरवर त्याच्या आयपीसमोरचा, म्हणजे नेटवर्कमधल्या पत्त्यासमोरचा, डेटाचा आकडा लिहून घ्या आणि अर्ध्या तासाने पुन्हा बघा. वाय-फाय बंद असतानाही आकडा चढत असेल तर ते ट्रॅफिक एपीचं स्वतःचं. थांबला असेल तर जोडलेलं दुसरंच कुणीतरी डेटा खातंय, मग एपीच्या मागे लागू नका. क्लाउडशी जोडलेला एपी दिवसाला थोडे एमबी खाणारच. अर्ध्या तासातच दहा-वीस एमबी गेले तर मात्र शोधायला लागा.

ओळीने रीस्टार्ट

खर्च शून्य, वेळ दहा मिनिटं. पण सगळं एकदम बंद-चालू करायचं नाही. आधी ओएनटी, म्हणजे फायबरची तार येते तो डबा. त्यावरचा इंटरनेटचा दिवा स्थिर झाला की राउटर. दोन-तीन मिनिटांनी स्विच. सगळ्यात शेवटी एपी.

ही ओळ का, ते आपल्याकडे लाइट जाते-येते त्यात आहे. लाइट आली की सगळी यंत्रं एकाच क्षणी उठतात. एपी मिनिटभरात तयार होतो, इंटरनेट यायला मात्र चार-पाच मिनिटं लागतात. एपीत बहुधा घड्याळाची बॅटरी नसते, त्यामुळे त्याची तारीख १ जानेवारी १९७० किंवा फर्मवेअर बनलं त्या दिवसापासून सुरू होते. चुकीच्या तारखेवर तो क्लाउड सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करायला जातो, तेव्हा समोरचं प्रमाणपत्र त्याच्या हिशोबाने अजून लागूच झालेलं नसतं. जोडणी तुटते. तो पुन्हा करतो, पुन्हा तुटते. जुन्या फर्मवेअरमध्ये दोन प्रयत्नांत मिनिटाचं अंतर असेल आणि नव्यात पाच सेकंदांचं केलं असेल, तर अपडेटनंतर अचानक पूर आल्यासारखं दिसतं.

ओळीने रीस्टार्ट केल्यावर त्रास थांबला आणि पुढच्या वेळी लाइट गेल्यावर परत आला, तर रोग तिथेच सापडला. ओएनटी आणि राउटरला १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस लावा. केबलमधून वीज घेणाऱ्या, म्हणजे पीओईवरच्या एपीला तो चालत नाही. त्याच्या इंजेक्टरला ४८ व्होल्ट किंवा काही कंपन्यांचे २४ व्होल्ट लागतात, आणि एकाचा इंजेक्टर दुसऱ्याला लावला तर एपी जळू शकतो.

एपी पुन्हा राउटर तर झाला नाही ना?

साधा वाय-फाय राउटरच एपी म्हणून वापरला असेल तर हे सगळ्यात आधी बघा. अपडेटमध्ये सेटिंग पुसली गेली की तो एपी मोड सोडून राउटर मोडमध्ये जातो. मग त्याच्याखालच्या चाळीस मोबाइलांचं सगळं ट्रॅफिक मुख्य राउटरला एकाच आयपीवरून आलेलं दिसतं, आणि 'एपीने ४० जीबी खाल्ले' असा बोभाटा होतो.

तपासायला मोबाइल पुरे. त्या वाय-फायला जोडा आणि मोबाइलला मिळालेला आयपी बघा. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ वर असताना मोबाइलला १९२.१६८.०.१०५ असा पत्ता मिळाला असेल तर एपी राउटर झालेला आहे. केबल त्याच्या वॅन (इंटरनेटच्या) पोर्टऐवजी लॅन (आतल्या यंत्रांच्या) पोर्टमध्ये असेल तर त्याहून वाईट: आता एकाच नेटवर्कमध्ये दोघे जण आयपी वाटत बसतात, निम्म्या मोबाइलांना इंटरनेट येतं, निम्म्यांना नाही. एपी मोड निवडा, डीएचसीपी (आयपी वाटायची सेवा) बंद झालंय याची खात्री करा आणि त्याला वाटपाच्या पट्ट्याबाहेरचा एक पक्का आयपी द्या.

घड्याळ

एपीच्या पानावर तारीख-वेळ बघा. चुकीची असेल तर त्याला वेळ सांगणारा सर्व्हर सापडत नाहीये. बरोबर असेल तरीही तो किती वेळा विचारतोय ते बघायला हवं. वेळेचा एक प्रश्न ७६ बाइटचा असतो आणि उत्तरही तेवढंच. दर पाच सेकंदांनी विचारलं तर दिवसाला १७,२८० फेऱ्या, म्हणजे साधारण २.६ एमबी, महिन्याला ७९ एमबी. एका एपीला हे काही नाही. पण हॉस्टेलमध्ये सहा एपी असतील तर नुसती वेळ विचारण्यात महिन्याला पावणेपाचशे एमबी जातात, शिवाय प्रत्येक फेरीला सर्व्हरचं नाव शोधायचा डीएनएसचा प्रश्न वेगळा.

एनटीपी (वेळेच्या) सर्व्हरच्या रकान्यात मुख्य राउटरचा आयपी टाका, जर राउटर ती सेवा देत असेल तर. नसेल तर 'टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ओआरजी' हा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा सर्व्हर टाका. शाळा, पतसंस्था, कंपनी असेल तर तसंही सर्ट-इन या सायबर सुरक्षा बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचा २८ एप्रिल २०२२ चा निर्देश एनआयसी (सरकारचं राष्ट्रीय माहिती केंद्र) किंवा एनपीएलच्या (याच प्रयोगशाळेच्या) वेळेशी, किंवा त्यांच्याशी जुळवलेल्या सर्व्हरशी, घड्याळ जुळवायला सांगतोच. टाइम झोन अधिक ५:३० आहे का तेही बघा. तो अपडेटनंतर शून्यावर गेला की रात्रीसाठी ठेवलेली कामं, म्हणजे अपडेट, स्पीड टेस्ट, चॅनल स्कॅन, साडेपाच तास उशिरा, भर गर्दीत सुरू होतात. पहाटे चारची स्पीड टेस्ट सकाळी साडेनऊला लागते. सिमच्या राउटरवर एकच स्पीड टेस्ट शंभर-दोनशे एमबी सहज खाते, आणि आडतीतला सकाळचा मेसेज अनेकदा इथूनच आलेला असतो.

परत चालू झालेल्या सेटिंग

नव्या फर्मवेअरमध्ये नव्या सोयी येतात आणि त्यातल्या बऱ्याच आपोआप चालू असतात. २०१९ मध्ये युबिक्विटीच्या एपींनी नव्या फर्मवेअरनंतर वापराची माहिती कंपनीकडे पाठवायला सुरुवात केली, त्यावर ओरड झाली, आणि मग ते बंद करायची सोय देण्यात आली. असं करणारी ती एकटी कंपनी नाही.

क्लाउडवरून व्यवस्थापन, वापराची माहिती पाठवणं, ऑटो अपडेट, ठरावीक वेळची स्पीड टेस्ट, यूपीएनपी (यंत्रांना राउटरमधून आपोआप वाट उघडू देणारी सोय) आणि इंटरनेट चालू आहे का हे बघण्यासाठी सतत मारलेले पिंग, एवढं एकेक करून बघा. एका वेळी एकच बंद करा, अर्धा तास मोजा, मग पुढचं. सगळं एकदम बंद केलंत तर दोषी कोण ते कधीच कळणार नाही, आणि पुढच्या अपडेटला पुन्हा शून्यापासून शोधावं लागेल. क्लाउड बंद करण्यापूर्वी एपीचा स्थानिक पासवर्ड चालतोय का ते मात्र पाहून घ्या. नाहीतर तुम्हीच बाहेर राहाल.

ऑटो अपडेट कायमचं बंद करू नका असं माझं मत. सुरक्षेच्या दुरुस्त्याही त्यातूनच येतात. 'फक्त कळवा' हा पर्याय असेल तर तो ठेवा आणि महिन्यातून एकदा हाताने अपडेट करा. अपडेट अर्धवट राहून एपी तीच फाइल पुन्हा पुन्हा उतरवत बसला असेल, तर लॉगमध्ये डाउनलोडची ओळ ठरावीक अंतराने दिसेल. हेही लाइटच्या लपंडावातच जास्त होतं. उन्हाळ्यात पत्र्याखाली लावलेला एपीही असाच वागतो. घरातल्या बऱ्याच एपींची मर्यादा ४० अंशांची असते आणि मे महिन्यात आपल्याकडे बाहेरच ४२ असतं. तो तापून रीस्टार्ट होतो आणि डाउनलोड पहिल्यापासून सुरू करतो. पत्र्यापासून दोन-तीन फूट खाली, भिंतीवर घेतला की फरक दिसतो.

हरवलेला कंट्रोलर

एकापेक्षा जास्त एपी असतील तर ते बसवताना एखाद्या लॅपटॉपवर किंवा ऑफिसच्या पीसीवर कंट्रोलर टाकलेला असतो. पुढे तो पीसी फॉरमॅट होतो किंवा त्याचा आयपी बदलतो. एपी वाय-फाय देत राहतात म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, पण प्रत्येक एपी काही सेकंदांनी जुन्या पत्त्यावर हजेरी लावत राहतो. युबिक्विटीच्या युनिफायमध्ये ही हजेरी टीसीपी ८०८० पोर्टवर (इथे पोर्ट म्हणजे केबलची जागा नाही, सेवेचा नंबर) जाते आणि शोधाशोध यूडीपी १०००१ वर. टीपी-लिंकच्या ओमाडामध्ये शोध यूडीपी २९८१० वर चालतो. हे ट्रॅफिक बहुतेक आतल्या आत फिरतं, त्यामुळे डेटा कमी जातो आणि दिवे जास्त फडफडतात. कंट्रोलरच्या पीसीला राउटरमध्ये पक्का आयपी राखून द्या. कंट्रोलर नकोच असेल तर एपी स्वतंत्र मोडमध्ये घ्या.

डीएनएसची नोंद वाचणं

इथपर्यंत सुटलं नसेल तर एपी नेमकं कोणतं नाव विचारतोय ते बघा. राउटरमध्ये नोंद ठेवायची सोय असते, नाहीतर पाय-होल (डीएनएसचे प्रश्न नोंदवणारं सॉफ्टवेअर) लावा. रात्री २ ते २:१५ एवढीच नोंद घ्या आणि नावागणिक मोजा. २:०४:१० ला एक नाव, २:०४:१५ ला तेच, २:०४:२० ला पुन्हा तेच, अशी पाच-पाच सेकंदांची घट्ट लय दिसली की ते यंत्राचं काम. माणूस असा वागत नाही. नाव कंपनीच्या डोमेनचं असेल तर सेटिंगमधून बंद होतंय का ते आधी बघा. होत नसेल तरच ब्लॉक करा.

ब्लॉक करतानाही दोन तऱ्हा आहेत. 'ड्रॉप' म्हणजे काहीच उत्तर द्यायचं नाही, 'रिजेक्ट' म्हणजे नाही म्हणून सांगायचं. काही एपी स्पष्ट नकार मिळाला की बराच वेळ गप्प बसतात, काही नकार मिळताच लगेच पुन्हा विचारतात. दोन्ही दहा-दहा मिनिटं लावून मोजा आणि ज्यात आकडा कमी येईल ते ठेवा. एपीचा वेळेचा सर्व्हर मात्र ब्लॉक करू नका. पुन्हा १९७० साली जाल.

सगळे दिवे एकाच तालात

स्विचवरचे सगळे पोर्ट एकाच वेळी, एकाच लयीत, जोरजोरात लुकलुकत असतील तर ते इंटरनेटचं प्रकरण नाही, आतला लूप आहे. अपडेटने मेश (एपींची आपापसातली वायरलेस जोडणी) चालू केलं की केबलने जोडलेला एपी शेजारच्या एपीशी हवेतूनही हात मिळवतो. मग एकच पॅकेट केबलने जातं, हवेतून परत येतं, पुन्हा केबलने जातं. साध्या स्विचला हे रोखता येत नाही. एकेका एपीची केबल काढा. जिची काढल्यावर दिवे शांत होतील तिथला एपी लूपमध्ये आहे. केबलवर असलेल्या सगळ्या एपींचं मेश बंद करा.

लूप नसतानाही हवा भरलेली असू शकते. वाय-फायचं प्रत्येक नाव सेकंदाला सुमारे दहा वेळा आपली हाक मारतं. २.४ गिगाहर्ट्झवर ही हाक सगळ्यात मंद, १ एमबीपीएसच्या गतीने गेली, तर एका नावामागे अडीच टक्क्यांच्या आसपास वेळ खाल्ला जातो. चार नावं म्हणजे दहा टक्के, तेही कुणी काही न करता. अपडेटनंतर 'सेटअप' किंवा 'गेस्ट' अशी नावं परत उगवली असतील तर बंद करा आणि किमान गती ६ किंवा १२ एमबीपीएस करा. फार जुना मोबाइल किंवा प्रिंटर तुटला तर एक पायरी खाली या.

पॅकेट पकडणं

पोर्ट मिररिंग (एका पोर्टच्या ट्रॅफिकची नक्कल दुसऱ्यावर पाठवायची सोय) असलेला पाच पोर्टांचा स्मार्ट स्विच दोन-तीन हजारांच्या आसपास मिळतो. एपीचा पोर्ट लॅपटॉपच्या पोर्टवर मिरर करा, वायरशार्क (पॅकेट पकडून वाचायचं सॉफ्टवेअर) लावा, एपीच्या मागच्या स्टिकरवरचा मॅक अ‍ॅड्रेस फिल्टरमध्ये टाका आणि पंधरा मिनिटं पकडा. मग 'कॉन्व्हर्सेशन्स' उघडून बाइटनुसार क्रम लावा. वरच्या दोन-तीन ओळींत बहुधा उत्तर असतं.

पोर्टचे नंबर असे वाचा: ५३ म्हणजे डीएनएस, १२३ म्हणजे वेळ, १९०० आणि ५३५३ म्हणजे आसपासची यंत्रं शोधणं, ३४७८ आणि ८८८३ म्हणजे बहुतेक क्लाउडशी धरून ठेवलेली जोडणी. ४४३ वर काय चाललंय ते आत वाचता येणार नाही, पण जोडणी सुरू होतानाच्या पहिल्या पॅकेटात सर्व्हरचं नाव बहुधा उघडं असतं. ७५४७ दिसला तर इंटरनेट देणारी कंपनीच टीआर-०६९ या दुरून यंत्र सांभाळायच्या पद्धतीने ते चालवतेय असं समजा.

एपी बाहेरच्या शेकडो वेगवेगळ्या पत्त्यांवर २३, २३२३, ४४५ किंवा २५ या पोर्टांवर धडका देत असेल तर मात्र तो खरोखर दुसऱ्याच्या ताब्यात गेलाय. २०१६ च्या मिराई बॉटनेटने (ताब्यात घेतलेल्या यंत्रांच्या जाळ्याने) २३ आणि २३२३ वरूनच यंत्रं गाठली होती. मिराई फक्त मेमरीत राहायचा, रीस्टार्टने जायचा, आणि पासवर्ड तोच असला की पुन्हा घुसायचा. त्यामुळे रीस्टार्ट करून 'गेलं एकदाचं' म्हणू नका.

रीसेट, आणि शेवटी जुनं फर्मवेअर

आधी फॅक्टरी रीसेट. सेटिंग हाताने भरा, बॅकअप फाइलवरून नको, कारण जुन्या फर्मवेअरची फाइल नव्यात भरली की बिघडलेली सेटिंगही तशीच परत येते. एवढ्यावर नाही भागलं तर जुन्या फर्मवेअरवर परतायचं. स्टिकरवरचा हार्डवेअर व्हर्जन नीट बघा; मॉडेल तेच असलं तरी व्हर्जन ३ ची फाइल व्हर्जन ४ ला चालत नाही. फाइल कंपनीच्याच साइटवरून घ्या. काम केबलवरूनच करा, एपी आणि लॅपटॉप दोन्ही यूपीएसवर ठेवा, आणि आभाळ भरून आलं असेल त्या दिवशी हात लावू नका. मधेच वीज गेली तर एपीचा दगड होतो. काही कंपन्या जुनं फर्मवेअर घेऊच देत नाहीत. तिथे जबरदस्ती करू नका.

इथे थांबा, माणूस बोलवा

ओएनटी केबलवाल्याचा असेल तर तो रीसेट करू नका, त्यातली व्हीलॅन आणि लॉगिनची माहिती जाते आणि इंटरनेटच बंद पडतं. ७५४७ दिसलं तरी त्यालाच विचारा. एपी खांबावर, गच्चीच्या कडेला किंवा पत्र्यावर असेल, इंजेक्टरला जळका वास येत असेल, वीज पडल्यानंतरचा त्रास असेल, तर शिडी लावू नका. एपी एएमसीमध्ये (वार्षिक देखभालीच्या करारात) असतील तर रीसेटच्या आधी त्या माणसाला फोन करा. आणि ताबा गेल्याची वर सांगितलेली खूण दिसली तर एपीची नेटवर्क केबल काढा आणि तसाच ठेवा, पुसू नका. दवाखाना, शाळा, पतसंस्था, कंपनी असेल तर असा प्रकार लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला कळवावा लागतो. तो अहवाल जाणकाराकडूनच करून घ्या.

येणाऱ्या माणसाला एका कागदावर एवढं द्या: मॉडेल आणि हार्डवेअर व्हर्जन, आधीचा आणि आताचा फर्मवेअर नंबर, अपडेटची तारीख, अर्ध्या तासाचे मोजलेले आकडे, काय काय बंद करून पाहिलं, आणि वायरशार्कची फाइल पेन ड्राइव्हवर. ती फाइल व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. त्यात आतल्या सगळ्या यंत्रांचे पत्ते असतात, आणि एपीच्या पानावर साध्या एचटीटीपीने लॉगिन केलं असेल तर त्याचा पासवर्डही.